गार जागा

बिराजदारांनी तोंडातला तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला आणि टेबलावरच्या दुधी रंगाच्या फरशीवर पचकन थुंकले.

"आता बघा," ते म्हणाले. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी ती लाल रेघ एका फटक्यात पुसून टाकली. "डाग हाय का? सांगा की वो, हाय का डाग?"

मी नाकाला पदर लावला. एक शिंतोडा माझ्या पायाजवळ उडाला होता. मी चप्पल मागे ओढली.

गार्गी, माझी सून, हसत होती. "अहो काका, पाणी ओतून दाखवायचं ना!"

"पाण्यानं काय कळतंय? पाणी कुनीबी पुसतंय. ही फरशी म्हंजे हिला मरण न्हाई. तुमी मशीन ठेवा, साबण सांडा, नीळ सांडा. लाकडाची पट्टी घ्याल तर सहा महिन्यात फुगून भाकरी हुईल तिची."

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. सोलापुरातलं होटगी रस्त्यावरचं दुकान, आश्विनाचं ऊन, आणि आम्ही दोघी सासू-सुना एका खोलीची फरशी निवडायला गेलेल्या. खोली आमच्या घराच्या माडीवरची. तोवर तिथे धुणं होत असे, कोपऱ्यात मोरी होती. गार्गीला तिथे कपाटांची खोली करायची होती. तिन्ही भिंतींना कपाटं, मोरीच्या जागी कपडे धुण्याचं मशीन, त्याच्यावर वाळवण्याचं. बाहेरून आलं की मळके कपडे तिथेच टाकायचे, वाळले की तिथेच घडी घालून कपाटात ठेवायचे. पुण्याला मैत्रिणीकडे तिने असं पाहिलं होतं.

मला ती कल्पनाच किळसवाणी वाटली होती. घामाचे सदरे, मोजे, आतले कपडे, नको ते डाग पडलेल्या चादरी, आणि हातभर अंतरावर माझी पूजेची रेशमी पातळं! पण मला वाद घालता येत नाही. माझा आवाजच मुळात बारीक. घरात मी काही म्हटलं तर पुढचा शब्द असतो, "काय?" दुसऱ्यांदा म्हणायचा मला कंटाळा येतो. मग ते म्हणायचं राहूनच जातं.

"आई, तुम्ही बघा. फरशीतलं तुम्हालाच कळतं," गार्गी म्हणाली.

मी प्रत्येक नमुन्यावर तळहात टेकवून पाहिला. एकही पसंत पडेना.

"गार लागत नाही," मी म्हणाले.

"काय म्हनाल्या?"

"आईंना गार फरशी लागते," गार्गीने मोठ्याने सांगितलं.

"फरशी काय कोल्ड्रिंक हाय का वो ताई!"

"तसं नाही काका. चातुर्मासात आई फरशीवर जेवतात."

"मांडी घालून? आमीबी तसंच जेवतो की."

"ताट घेत नाहीत. फरशीवरच वाढून घेतात. चार महिने. हे बारावं वर्ष."

बिराजदार चघळायचे थांबले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या दुधी फरशीकडे. मग टॉवेलाने तोंड पुसलं. माणूस थक्क झाला, असं मला वाटलं. व्रत ऐकून लोक असे गप्प होतात, याची मला सवय होती.

थुंकलेली सोडून दुसरे तीन नमुने गार्गीने गाडीत टाकले. मी घरी येऊन आधी पाय धुतले, मग चप्पल धुतली.

त्या व्रताचं सांगायला हवं. आमचा हृषीकेश, गार्गीचा नवरा, कॉलेजात असताना अक्कलकोट रस्त्यावर स्कूटरवरून पडला. नऊ दिवस बेशुद्ध होता. दहाव्या दिवशी त्याने "आई, पाणी" म्हटलं. त्याच्या उशाशी मी बोलले होते की हा उठला तर बारा चातुर्मास घरातल्या भुईवरचं अन्न घेईन, एकही दिवस चुकवणार नाही. एकादशीचा वरीचा भातसुद्धा मी भुईवरच घेत असे. माहेरी, गावी जाणं बंद. आजारपणातही उठून बसले, दोन शितं खाल्ली, पण खाल्ली भुईवर.

माझी जागा स्वयंपाकघरातल्या मागच्या कोपऱ्यात होती. दोन हात लांब, दोन हात रुंद शहाबादी फरशी. ती मी स्वतः धुवायची, गोमूत्र शिंपडायची, रांगोळीची रेघ ओढायची. त्या रेघेच्या आत दुसऱ्या कोणी पाय ठेवायचा नाही. भाताचं आळं करायचं, त्यात घट्ट वरण, बाजूला भाजी, मीठ. मौन धरून जेवायचं.

आणि ती जागा गार होती. सोलापूरचा आश्विन म्हणजे दुसरा उन्हाळा. सगळं घर तापलेलं असायचं, पण माझी एवढी फरशी गारेगार. शेजारपाजारच्या बायका यायच्या, रेघेबाहेरून वाकून हात लावायच्या आणि तोच हात कपाळाला लावायच्या. "कुंदाताई, तुमच्या नेमाचं बळ आहे हो हे," म्हणायच्या. मी नाही म्हणत नसे. हळूच हसत असे. खरं सांगायचं तर त्या हसण्यासाठी मी वाट बघत असे.

एक निंगव्वा तेवढी कधी हात लावायला आली नाही. निंगव्वा आमच्याकडे धुणं करायची, वीस वर्षं. सकाळी दहाला येऊन मागच्या जिन्याने माडीवर जायची आणि दोनला उतरायची. मी जेवायला बसायच्या वेळी ती चुकूनही खाली येत नसे. तिलाही माझ्या सोवळ्याची जाण आहे, असं मी बायकांना कौतुकाने सांगायची.

नमुने आणले त्याच्या तिसऱ्या दिवशी सिद्राम मिस्त्री आला. माडीवरच्या मोरीचं पाणी तो बराच वेळ बघत बसला. मग खाली स्वयंपाकघरात येऊन त्याने भिंतीवर बोटं वाजवली.

"मालक, वरचा पाइप भिंतीतनं हितं खाली आलाय. मशीन पाणी सोडतंय ते एकदम सोडतंय. हितलं खालचं तपासल्याशिवाय जोडता येत न्हाई."

"कुठे तपासायचं?" ह्यांनी विचारलं.

सिद्रामने पायाच्या अंगठ्याने माझी रांगोळीची रेघ दाखवली.

मी देवघरात होते. उठून आले. "तिथे नको," मी म्हणाले.

"काय?" हे म्हणाले.

"महिना राहिलाय. कार्तिकी एकादशीनंतर करा."

"अगं, दिवाळीच्या आत खोली व्हायची आहे. एक फरशी उचलतील, बघतील, परत बसवतील. बारा वाजायच्या आत होईल. काय मिस्त्री?"

"अर्ध्या तासाचं काम, वैनी."

गार्गी म्हणाली, "आई, आणि नाहीच झालं तर ती नमुन्याची फरशी धुऊन देते ना. तिच्यावर वाढून घ्या."

"सुटी फरशी म्हणजे ताटच झालं की," हे हसून म्हणाले. "देव फसेल, पण तुझ्या सासूबाई फसायच्या नाहीत."

स्वयंपाक झाला होता. मी भांडी झाकली, देवघराच्या उंबऱ्यात बसले आणि जपाची माळ घेतली. कुदळीचा पहिला घाव बसला तेव्हा मी डोळे मिटले.

आधी आवाज बदलला. दगडाचा खणखणीत आवाज जाऊन पचपच असा आवाज येऊ लागला. मग वास आला.

तो वास मला ओळखीचा होता, हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे. पुसट, लांबचा, पण ओळखीचा. तीन-चार वर्षं जेवायला बसलं की तो यायचा. मला वाटे, मागच्या गल्लीत गटार उघडं आहे. मी उदबत्त्या दोनाच्या चार केल्या होत्या.

"आरं देवा," सिद्राम म्हणाला. "मालक, हिकडं या."

मी डोळे उघडले. उठून गेले. जायला नको होतं.

माझी फरशी त्याने भिंतीला उभी केली होती. तिची खालची बाजू काळीभोर होती, त्यावर बुळबुळीत थर आणि थरात वळवळणारं काहीतरी पांढरं. खड्ड्यात माती नव्हतीच, गाळ होता. झुरळं भिंतीवर धावत सुटली होती. त्या गाळातून चिनीमातीचा जुना पाइप गेला होता, आणि त्याचा सांधा हाताच्या पंज्याएवढा फुटला होता.

"ही तर संडासाची लाइन," सिद्राम म्हणाला. "मागं संडास बांधला तवा हितनंच काढलीया वाटतं. किती वर्षं गळतीया कुनाला ठावं. सगळी जमीन पिलीया. हात लावून बघा, कशी गारठलीया फरशी."

"हात नको लावायला," हे म्हणाले.

"गार लागनारच की वो. खाली हे असल्यावर."

गार्गीने ओढणी नाकाला लावली होती आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. हेही बघत नव्हते. सिद्रामला काही माहीत नव्हतं, तो बिचारा थापीने गाळ काढून घमेल्यात टाकत होता. आणि माझ्या डोळ्यांसमोर भाताचं आळं, त्यातलं वरण, आणि मी शेवटचं शीत बोटाने टिपून घेते आहे.

पोटातून उबळ आली. मागचं न्हाणीघर बंद ठेवलं होतं. मी मागच्या जिन्याने वर धावले आणि धुण्याच्या मोरीवर जाऊन पडले.

निंगव्वा चादर पिळत होती. तिने चादर टाकली आणि माझं कपाळ धरलं.

"ओका वैनी, ओका. मोरी ह्याच्यासाठीच असती."

पोटात काही नव्हतंच. नुसतं कडू पिवळं पाणी. तिने दोन तांबे पाणी ओतून ते घालवलं, माझं तोंड पुसलं. तिच्या ओल्या लुगड्याला साबणाचा वास होता. त्या वासाने मला बरं वाटलं.

"फुटली व्हय लाइन?" तिने विचारलं.

मी मान वर केली. "तुला माहीत होतं?"

"वास यायलाय न्हवं. तीन वर्सं झाली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की वो. मागल्या नागपंचमीला, वर जाताना. म्हनलं, वैनी, तुमच्या कोपऱ्यात घान वास मारायलाय, फरशी उचलून बघा. तुमी म्हनला, लांबनं बोल निंगव्वा, मला जेवायला बसायचंय."

मला आठवलं. शब्दन् शब्द आठवला. ती दारात उभी होती, हातात बादली होती, आणि तिच्या बादलीतलं पाणी माझ्या रेघेवर उडेल एवढीच मला काळजी होती.

निंगव्वाने चादर उचलून पुन्हा पिळायला घेतली. एक टोक माझ्या हातात दिलं. मी धरलं.

"मशीन यायलंय, ठावं हाय मला," ती म्हणाली. "गार्गीताई फुटपट्टी घिऊन मोजायली तवाच कळलं. तुमी सांगनार सांगनार म्हनून मी वाट बघायली."

"दिवाळीनंतर सांगणार होते. झाडूफरशीला..."

"झाडूफरशीला मी येनार न्हाई. ते सोडा. जायचंच हाय तर एक सांगू का? राग मानू नका."

"सांग."

"तुमी भुईवर कालवून खाता न्हवं, ते बघून मला शिसारी येती. पहिल्या वर्सी एकदा बघितलं, दोन दिवस भाकर ग्वाड लागंना. तवापास्नं बारा वाजता मी खाली उतरत न्हाई."

तिने हे चादरीला पीळ घालता घालता सांगितलं. त्यात डंख नव्हता. लिंबाचं लोणचं मला चालत नाही, असं कोणी सांगावं तसं.

मला बिराजदारांचा चेहरा आठवला. टॉवेलाने पुसलेलं तोंड आठवलं.

खालून ह्यांचा आवाज आला. "कुंदा! अगं, काय करायचं? मिस्त्री म्हणतो, तीन दिवस लागतील. सगळी लाइन बाहेरून घ्यावी लागेल. तू आज उपास कर."

साडेबारा झाले होते. खालच्या घरात पाय ठेवावा अशी जागा उरली नव्हती. घमेली सगळ्या खोल्यांतून पुढच्या अंगणात चालली होती. आणि दिवस चुकवायचा नाही, असं मी बोलले होते. पोरगा नऊ दिवस निपचित पडलेला, त्याच्या उशाशी बोलले होते. अकरा वर्षं तीन महिने झाले होते. ते काय खाऊन झाले होते, ते तर आता कळलंच होतं.

मी त्या खोलीत इकडेतिकडे पाहिलं. वीस वर्षांत मी तिथे फार तर दहा वेळा आले असेन. धुण्याची खोली म्हणून मला तिची घाणच वाटे. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन पडत नव्हतं अजून, पण गच्चीच्या दारातून पडलं होतं, अर्ध्या खोलीभर. त्या उन्हात शहाबादी फरशी निळसर राखाडी दिसत होती. वीस वर्षं रोज साबण, रोज ब्रश, रोज चार बादल्या पाणी. कडेच्या सांध्यांतसुद्धा काळी रेघ नव्हती. मी तळहात टेकवला.

फरशी गरम होती. कोरडी होती.

"निंगव्वा, एवढी जागा धुऊन देशील?"

ती थांबली. "कशाला?"

"मला जेवायचंय."

"माझा हात लागंल की वो. तुमचं सोवळं?"

"लागू दे," मी म्हणाले.

"काय?"

"लागू दे म्हटलं!"

हे मी इतक्या मोठ्याने म्हणाले की गार्गी खालून "काय झालं आई?" म्हणत धावत वर आली. मी तिला झाकलेली भांडी वर आणायला सांगितली. ती काही विचारायला गेली, पण माझ्याकडे बघून वळली.

निंगव्वा गुडघ्यांवर बसली. तिने ब्रश घेतला, साबणाची वडी घेतली आणि दोन हात बाय दोन हात जागा घासून काढली. तीन वेळा पाणी टाकलं. उन्हाने फरशी बघता बघता वाळली. रांगोळी नव्हती, गोमूत्र नव्हतं. गार्गीने भात वाढला. मी आळं केलं.

"बसू का?" मी निंगव्वाला विचारलं.

"बसा. पन मी बघनार न्हाई."

ती पाठ करून गच्चीच्या दारात उभी राहिली. मी पहिला घास उचलला. तोंडाजवळ नेला आणि तो वास आला. फरशीला नव्हता, भाताला नव्हता. माझ्या नाकातच बसला होता. घास परत ठेवावा तर व्रत गेलं, खावा तर पोट नाही म्हणतंय. मी श्वास धरला आणि गिळला. दुसरा गिळला. सात घास झाले. कुठल्याच घासाला मला देव आठवला नाही. निंगव्वाची ताठ पाठ मात्र दिसत होती, आणि तिच्या खांद्यांवरून कळत होतं की तीही श्वास धरून उभी आहे.

"झालं," मी म्हणाले.

तिने बादली उचलली आणि तिकडे न बघता बरोबर त्या जागेवर पाणी ओतलं.

संध्याकाळी गार्गीने तिन्ही नमुने माझ्यासमोर मांडले. तिला बोलायचं नव्हतं त्या विषयावर, पण बिराजदारांचे दोन फोन आले होते. "आई, यातली कुठली सांगू?"

"वरची आहे तीच राहू दे."

"शहाबादी? अहो, कपाटांच्या खोलीत? दीड लाखाची कपाटं आणि खाली शहाबादी!"

"घासून गुळगुळीत करून घे हवी तर. पण उचलू नको."

"आणि ती गार नाही लागत तुम्हाला?"

"नाही लागत," मी म्हणाले. "म्हणूनच."

तिने एकदाच विचारलं, "नक्की?" आणि नमुने परत पाठवले.

लाइन घराबाहेरून गेली. कोपऱ्यातली माती बदलून वर सिमेंटचा कोबा केला. उरलेला महिना मी माडीवर जेवले. मशीन येईपर्यंत रोज सकाळी निंगव्वा जागा घासून द्यायची आणि रोज पाठ करायची. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन आलं. तिने त्याच्याभोवती एक फेरी मारली, झाकण उघडून आत वाकून पाहिलं, "बरं हाय की," म्हणाली आणि गेली. पुढच्या आठवड्यात तिने वकिलांच्या घरी काम धरलं. रस्त्यात भेटली की अजूनही थांबते. घरी ये म्हटलं की हसते.

कार्तिकी एकादशी झाली, द्वादशीला व्रताचं उद्यापन केलं. बारा सवाष्णी जेवायला बोलावल्या. त्यांना ताटांत वाढलं, चांदीच्या वाट्या काढल्या. विडे देऊन झाल्यावर सगळ्या जणी दरवर्षीसारख्या स्वयंपाकघरात गेल्या. नव्या कोब्यावर मी रांगोळी काढली नव्हती, तरी रेघ असायची तिथेच थांबून त्या वाकल्या आणि एकेकीने हात टेकवला. खाली आता कोरडी माती होती, खिडकीतून पडणाऱ्या उन्हाने कोबा कोमट झाला होता.

"बाई गं, अजून किती गार आहे!" देशमुख वहिनी म्हणाल्या.

"असणारच. बारा वर्षांचं पुण्य आहे खाली," दुसरी म्हणाली.

सगळ्यांनी हात कपाळाला लावले. मग त्या माझ्याकडे वळल्या, मी हळूच हसेन म्हणून.

खाली काय होतं, ते मी सांगितलं. नेहमीच्या आवाजात.

"काय म्हणालात, कुंदाताई?"

मी पुन्हा सांगितलं. पाइप, सांधा, गाळ, किती वर्षं, सगळं. जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं.

मग एकीने, मग दुसरीने, मग सगळ्यांनी पदराने आधी हात पुसले, नंतर कपाळ.